विषम बळांचा समतोल : भूमिकानिर्वाह खेळांतील लढतीची काठिण्यपातळी

महाराष्ट्रातील लेणी व किल्ल्यांच्या दगडांवर वाघ-बकरीचे पट कोरलेले आढळतात. वाघ उडी मारून बकरी घेतो, तर बकऱ्या संख्येच्या बळावर वाघाला कोंडतात. नेपाळमधील ‘बाघचाल’ या प्रकारात ४ वाघांविरुद्ध २० बकऱ्या असतात. दोन्ही बाजू अचूक खेळल्यास डाव बरोबरीत सुटतो, हे संगणकाच्या साह्याने सिद्ध झाले आहे.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या कल्पनारम्य भूमिकानिर्वाह खेळात विषम बळांचा हाच प्रश्न उद्भवतो. मात्र येथे पट ठरलेला नसतो. प्रत्येक लढत सूत्रधारालाच रचावी लागते. २०१४ च्या नियमग्रंथात राक्षसांच्या गुणांची बेरीज त्यांच्या संख्येनुसार वाढणाऱ्या गुणकाने गुणली जात असे. पहिल्या पातळीवरील चार वीरांसमोर प्रत्येकी ५० गुणांचे दोन गॉब्लिन आले, तर १०० गुणिले दीड, म्हणजे १५० : लढत ‘सोपी’. चार आले, तर २०० गुणिले दोन, म्हणजे ४०० : लढत थेट ‘प्राणघातक’. कारण उघड आहे. ज्या बाजूला एका फेरीत अधिक पाळ्या, तिचे घावही अधिक.

२०२४ च्या ग्रंथातून हा गुणक वगळण्यात आला. आकडेमोड सुलभ झाली, हे खरे. तथापि झुंडीचा धोका नवख्या सूत्रधाराला आता आकड्यांत दिसत नाही, आणि त्याचा अंदाज चुकल्यास खेळाडूने महिनोन्महिने घडवलेले पात्र एका संध्याकाळी मरते. अशा वेळी राक्षसांना दुबळे करण्यापेक्षा त्यांतील काहींना दोन फेऱ्यांनंतर रिंगणात आणणे अधिक उपयुक्त ठरते.