आत आम्ल, बाहेर खारा वारा

पनवेल तालुक्यातील तळोजा औद्योगिक वसाहतीत दीपक फर्टिलायझर्स नायट्रिक आम्ल तयार करते. सौम्य नायट्रिक आम्लात साधे पोलाद झपाट्याने विरघळते. त्यामुळे अशा आम्लाच्या टाक्या आणि नळ जगभर बहुधा ३०४एल प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असतात. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियम ऑक्सिजनशी चटकन संयोग पावते आणि धातूवर काही नॅनोमीटर जाडीचा थर धरते. ओरखडा पडला तरी थर पुन्हा जमतो. नायट्रिक आम्ल ऑक्सिडीकारक असल्याने उलट तो टिकवूनच धरते.

दुखणे असते ते वेल्डिंगच्या सांध्यापाशी. ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात कार्बन क्रोमियमला ओढून घेतो, पोलादाच्या कणांच्या कडा क्रोमियमला मुकतात आणि आम्ल नेमके तिथून शिरते. म्हणून साध्या ३०४ मधला ०.०८ टक्क्यांपर्यंतचा कार्बन ३०४एलमध्ये ०.०३ टक्क्यांवर आणला गेला. तो पुरेसा उतरला का, हे पाहण्याची चाचणी निर्दय आहे: नमुना ६५ टक्के तीव्रतेच्या उकळत्या आम्लात ४८ तासांच्या पाच फेऱ्या काढतो आणि दर फेरीनंतर त्याचे वजन घेतले जाते.

बाहेरचा शत्रू वेगळा. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड या थराला बारीक छिद्रे पाडते. नळावरच्या उष्णतारोधक आवरणात पावसाचे पाणी मुरले, की क्लोराइड तिथे साचत जाते. साधारण ६० अंशांच्या वर, ताणाखालच्या धातूला त्याने तडे जाऊ शकतात. क्लोराइडवर उतारा मॉलिब्डेनमचा. ३१६ प्रतीत ते २ ते ३ टक्के असते. पण नायट्रिक आम्लात त्याचा फायदा नाही. गरम, तीव्र आम्लात महागडी ३१६ ही ३०४एलपेक्षा लवकर झिजू शकते. २२ टक्के क्रोमियम, ५ टक्के निकेल, ३ टक्के मॉलिब्डेनम आणि थोडा नायट्रोजन असलेले २२०५ हे डुप्लेक्स पोलाद क्लोराइडपुढे बरेच सरस ठरते, शिवाय ताकदीने जवळजवळ दुप्पट असते. तरी सुमारे ३०० अंशांच्या वर ते सतत वापरले तर ठिसूळ होऊ लागते. त्यामुळे पुष्कळदा ३०४एलच ठेवून आवरणाखाली रंगाचा लेप देणे शहाणपणाचे असते.

आम्ल फार तीव्र झाले, की क्रोमियमचा थरच विरघळू लागतो. त्यासाठी सुमारे ४ टक्के सिलिकॉन घातलेली पोलादे विकसित झाली. अतितीव्र आम्ल थंड असेल तर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमही चालते, मात्र त्यात पाणी मिसळून आम्ल सौम्य झाले की तेच अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते.