कुंपणावरचा अडुळसा

परसाला किंवा मळ्याच्या बांधाला अडुळशाचे कुंपण लावण्यामागे शेतकऱ्याचा साधा हिशेब असतो. फांदी खोचली की जगते, पाण्याची फार काळजी घ्यावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे शेळी त्याला तोंड लावत नाही. बाभळीचे काटे चुकवून पाला ओरबाडणारी शेळी अडुळशाच्या हिरव्यागार, बिनकाट्याच्या पानांपासून मात्र लांब राहते. आणि याच पानांचा रस मधातून चाटवून कित्येक पिढ्यांनी खोकल्यावर उतारा शोधला. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी पानांत साठवलेली कडू रसायने आहेत. झाडाने ती स्वतःच्या रक्षणासाठी तयार केली. माणसाने ती आपल्या छातीसाठी वापरली.

हे झुडूप सहज ओळखता येते. पाने वीतभर लांब, समोरासमोर जोडीने आलेली, दोन्ही टोकांना निमुळती. चुरगाळली की उग्र वास येतो. थंडीत फांद्यांच्या टोकांना आखूड, भरगच्च तुरे येतात आणि हिरव्या छदांच्या आडून पांढरी फुले डोकावतात. फूल जवळून पाहावे. त्याला वरचा आणि खालचा असे दोन ओठ असतात. खालच्या ओठावर जांभळट गुलाबी रेषा असतात आणि त्या थेट घशाकडे जातात. मध कुठे आहे हे भुंग्याला दाखवणाऱ्या या खुणा. भुंगा खालच्या ओठावर टेकून आत शिरतो, तेव्हा वरच्या ओठाखाली असलेल्या दोन पुंकेसरांचे पराग त्याच्या पाठीला लागतात. कोरांटी, अबोली आणि सह्याद्रीतली कारवी ही याच कुळातली भावंडे. शास्त्रीय नाव जस्टिशिया अधाटोडा. जुन्या पुस्तकांत ते अधाटोडा व्हॅसिका असे सापडते.

आयुर्वेदात याला वासा म्हणतात. कास, श्वास आणि रक्तपित्त, म्हणजे खोकला, दमा आणि शरीरातून होणारे रक्तस्राव, या तक्रारींसाठी त्याचा वापर सांगितला आहे. वासावलेह, वासारिष्ट, वासाघृत ही औषधे आजही वैद्य देतात. त्यातली रस काढण्याची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अडुळशाचे पान नुसते कुटले तर रस फारसा सुटत नाही. म्हणून पुटपाकाची युक्ती निघाली. पाने ठेचून गोळा करायचा, तो वडाच्या किंवा एरंडाच्या पानांत गुंडाळायचा, वरून चिकणमातीचा जाड लेप द्यायचा आणि निखाऱ्यात ठेवायचा. माती लालसर झाली की गोळा बाहेर काढून, फोडून, गरम असतानाच पिळायचा. आतल्या आत वाफ कोंडली जाते, उष्णतेने पानाच्या पेशी फुटतात आणि रस मोकळा होतो. पाने वाफवून किंवा तव्यावर गरम करून पिळण्याची घरगुती पद्धत हे याचेच सोपे रूप.

आधुनिक रसायनशास्त्राने या पानाची दखल एकोणिसाव्या शतकात घेतली. निलगिरीतल्या उटकमंडला सिंकोनाच्या मळ्यांसाठी डेव्हिड हूपर हा सरकारी रसायनतज्ज्ञ नेमलेला होता. १८८८ मध्ये त्याने अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड वेगळे केले आणि त्याला व्हॅसिसिन हे नाव दिले. हाच हूपर पुढे मुंबईच्या विल्यम डायमॉक आणि वॉर्डन यांच्याबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या तीन खंडांच्या ग्रंथाचा सहलेखक झाला. तो ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. भारतीय वनौषधींची पारंपरिक माहिती आणि प्रयोगशाळेतले निष्कर्ष त्यात शेजारीशेजारी वाचायला मिळतात.

पुढे व्हॅसिसिनचे गुण एकेक करून तपासले गेले. हवेच्या संपर्कात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन व्हॅसिसिनोन तयार होते, आणि ते श्वासनलिका सैल करते, असे १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातून पुढे आले. खरी कलाटणी मात्र जर्मनीत मिळाली. व्हॅसिसिनच्या रेणूचा आधार घेऊन बोरिंगर इंगेलहाइम या कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी ब्रोमहेक्सिन हा नवा रेणू घडवला. १९६३ मध्ये तो औषध म्हणून बाजारात आला. शरीरात गेल्यावर ब्रोमहेक्सिनपासून जे क्रियाशील द्रव्य तयार होते ते अँब्रॉक्सॉल. पुढे तेही स्वतंत्र औषध झाले. आज खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचला तर या दोघांपैकी एकाचे नाव बऱ्याचदा दिसते.

ही औषधे काम कशी करतात? आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांचा थर असतो. हे केस सतत एका दिशेने हलत राहतात आणि धूळ, जंतू अडकलेला कफ घशाकडे ढकलतात. कफ घट्ट आणि चिकट झाला की त्यांचे काही चालत नाही. ब्रोमहेक्सिन कफातले चिवट धागे तोडून तो पातळ करते. अँब्रॉक्सॉल त्याशिवाय फुप्फुसातल्या पेशींना सर्फॅक्टंट नावाचा निसरडा पदार्थ अधिक तयार करायला लावते. खोकला दाबून टाकणे आणि कफ सुटायला मदत करणे यांत मोठा फरक आहे. अडुळशाला ‘कफ सोडवणारा’ म्हणणाऱ्या वैद्यांच्या निरीक्षणाची दिशा बरोबर होती.

या घराण्याची गोष्ट खोकल्यापाशी थांबली नाही. १९९६ मध्ये प्रयोगशाळेत ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतात असे दिसले. २००९ मध्ये गॉशे या आनुवंशिक आजारात बिघडणाऱ्या एका विकराला अँब्रॉक्सॉल सावरून धरते हे लक्षात आले. त्याच विकराच्या जनुकातला दोष पार्किन्सनच्या काही रुग्णांतही आढळतो. म्हणून लंडनच्या संशोधकांनी सतरा रुग्णांना हे औषध दिले. ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि तिथे परिणाम करते, हे त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेली मात्रा खोकल्यासाठी देतात त्याच्या दसपटीहून जास्त होती आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेली होती. आता ब्रिटनमध्ये याची मोठी चाचणी हाती घेण्यात आली आहे. दिल्लीच्या सीएसआयआरच्या जीनोमिक्स संस्थेने खुद्द अडुळशाच्या काढ्याचा अभ्यास केला. उंदरांच्या फुप्फुसातला दाह आणि ऑक्सिजनच्या कमतरतेचे परिणाम त्याने कमी होतात, असे २०२१ मध्ये त्यांनी मांडले. हे निष्कर्ष उंदरांवरचे आहेत आणि तेवढ्यापुरतेच ते घ्यावेत.

परसातले पान आहे, तेव्हा त्याने काय बिघडणार, ही समजूत धोक्याची आहे. व्हॅसिसिन गर्भाशयाचे आकुंचन घडवते, हे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने सविस्तर तपासले. काही भागांत सुईणी बाळंतपणात अडुळसा वापरत, त्यामागचे कारण यातून कळते. पण म्हणूनच गरोदर स्त्रीने काढा, रस किंवा अवलेह घरच्या घरी घेऊ नये. बाजारातल्या वाळलेल्या पानांत महारुखाच्या पानांची भेसळ होते, हेही नोंदवलेले आहे. ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल यांनाही २०१५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी क्वचित होणाऱ्या गंभीर ॲलर्जीचा इशारा जोडला. आणि सर्वांत महत्त्वाचे: दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्याची थुंकी तपासून घ्यायलाच हवी. क्षय बरा करणारी औषधे आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. खोकल्यातून रक्त पडत असताना ‘रक्तपित्तावर अडुळसा चालतो’ म्हणून काढा पीत बसणे म्हणजे रोगाला आणि घरातल्या लहान मुलांच्या संसर्गाला वेळ देणे.

अडुळशाबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्याच्या नुसत्या कौतुकावर माझे समाधान होत नाही. पहिले निरीक्षण आपल्या वैद्यांचे, पहिले अल्कलॉइड उटकमंडला हाती लागलेले. पण मात्रा ठरलेली, चाचण्यांतून गेलेली गोळी आली ती जर्मनीतून. पानात काहीतरी आहे हे आपल्याला आधीच माहीत होते. ते किती आहे, कोणाला उपयोगी पडते आणि कोणाला अपाय करते, हे मोजण्यात आपण मागे पडलो. वाळलेल्या पानांत अल्कलॉइडचे प्रमाण साधारण अर्ध्या टक्क्यापासून दोन टक्क्यांपर्यंत बदलू शकते. म्हणजे चमचाभर वासावलेहातून रुग्णाच्या पोटात नेमके काय जाते, हे प्रत्येक घाण्यागणिक वेगळे असू शकते.

हे काम महाराष्ट्रात होऊ शकते. इथे आयुर्वेद महाविद्यालये आहेत, त्यांची रुग्णालये आहेत, थंडीत खोकल्याचे रुग्ण रांगेने येतात आणि रोप तर गावोगाव आहे. ओळख पटवलेली पाने, व्हॅसिसिनचे ठरावीक प्रमाण, तुलनेसाठी दुसरा गट आणि निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध करण्याची तयारी, एवढे जमवले तर कुठल्या खोकल्यात अडुळसा खरोखर चालतो आणि कुठे त्याचा उपयोग नाही, हे आपण स्वतः सांगू शकू. ज्यांनी निखाऱ्यात मातीचा गोळा भाजून रस काढण्याची रीत बसवली, त्यांनीही करून पाहूनच ती बसवली असणार. त्यांची परंपरा पुढे न्यायची तर त्यांच्यासारखेच करून पाहायला हवे.