जपानी इलेक्ट्रिक गिटार : नाव एकाचे, हात दुसऱ्याचे

1960 ते 1985 या काळात जपानमध्ये बनलेली इलेक्ट्रिक गिटार ओळखायची, तर हेडस्टॉकवरचे नाव सर्वांत शेवटी वाचावे. ते नाव बहुधा कारखान्याचे नसतेच. ते मागणी नोंदवणाऱ्या व्यापाऱ्याचे किंवा अमेरिकेतल्या आयातदाराचे असते. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या सारख्या गिटारी वेगवेगळ्या नावांनी विकल्या जात. उलट एकच नाव काही वर्षांच्या अंतराने दोन-तीन कारखान्यांच्या मालावर दिसते. म्हणून खरी ओळख लाकूड, जोड, पिकअप आणि स्क्रू यांवरूनच पटते.

या उद्योगाची सुरुवात हवाईयन संगीताच्या लाटेतून झाली. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची इलेक्ट्रिक स्टील गिटार युद्धापूर्वीच टोकियोत बनू लागली होती. ग्युयाटोन हे त्यातले सर्वांत जुने नाव. 1946 साली त्याच शहरात टाइस्को कंपनी सुरू झाली. पुढे द व्हेंचर्स या अमेरिकन वाद्यवृंदाच्या 1965च्या दौऱ्याने जपानी तरुणाई अक्षरशः झपाटून गेली. या वेडाला तिकडे ‘एलेकी बूम’ म्हणतात. वडीलधाऱ्यांना ते इतके खुपले, की आशिकागा शहराच्या शिक्षण मंडळाने त्याच वर्षी विद्यार्थ्यांना इलेक्ट्रिक गिटार विकत घेण्यास मनाई केली. अमेरिकेतही बीटल्सच्या लाटेमुळे मागणी इतकी वाढली होती, की तिथल्या कारखान्यांना ती पुरवता येईना. डॉलरचा भाव 360 येनवर बांधलेला असल्याने जपानी माल तिथे स्वस्तात पडे. टाइस्को डेल रे, केंट, किंग्स्टन अशा नावांनी हजारो गिटारी महासागर ओलांडून गेल्या. सिअर्ससारख्या मोठ्या दुकानाच्या सिल्व्हरटोन या नावाखालीही टाइस्कोचा माल विकला गेला. दशक संपता संपता बाजार भरून वाहू लागला आणि अनेक छोटे कारखाने बुडाले. टाइस्को 1967मध्ये कावाईच्या ताब्यात गेली.

या पहिल्या पिढीची गिटार लांबूनही ओळखू येते. हेडस्टॉकवर एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला दोन खुंट्या, पट्टेदार धातूची पिकगार्ड, प्रत्येक पिकअपला वेगळे बटण, नटच्या लगेच पुढे शून्य क्रमांकाचा जादा फ्रेट, आणि जाड, काहीसा ओबडधोबड नेक. बॉडी बहुधा प्लायवूडची किंवा हलक्या लाकडाची. सोनेरी पत्र्याची जाळी असलेले ‘गोल्ड फॉइल’ पिकअप याच काळातले. त्यांतले चुंबक कमी शक्तीचे असल्याने आवाज मऊ, उघडा आणि किंचित खरखरीत येतो. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी आपल्या फेंडर गिटारवर टाइस्कोचा असा पिकअप बसवला, आणि कवडीमोल गिटारींतून हे पिकअप काढून विकणाऱ्यांची चलती सुरू झाली. आज अशी पिकअपविना लुटलेली कितीतरी कलेवरे बाजारात दिसतात. मूळ पिकअप जागेवर असणे हीच या पिढीच्या गिटारीची सर्वांत मोठी किंमत.

खरा कस लागला तो सत्तरच्या दशकात, आणि त्या कथेचे केंद्र नागानो प्रांतातले मात्सुमोतो हे डोंगरांनी वेढलेले शहर. तिथली हवा कोरडी आणि फर्निचर बनवण्याची परंपरा जुनी, म्हणजे लाकूड सुकवायला आणि ते जाणणारे हात मिळायला ही जागा उत्तम. मात्सुमोकू हा कारखाना आधी सिंगर शिलाई यंत्रांची लाकडी कॅबिनेटे बनवत असे. पुढे त्याने आरिया, युनिव्हॉक्स, व्हँटेज, वेस्टोन आणि 1970नंतर एपिफोनही बनवल्या. 1960मध्ये सुरू झालेल्या फुजीगेन गाक्कीने आयबानेझ आणि ग्रेको घडवल्या. आयबानेझ हे नाव नागोयाच्या होशिनो कंपनीचे, ग्रेको हे टोकियोच्या कांदा शोकाईचे. दोघांकडेही त्या गिटारी घडवणारा कारखाना नव्हता. दक्षिणेकडे हामामात्सुत यामाहा, कावाई आणि तोकाई होत्या. तिथे पियानो आणि ऑर्गन घडवणाऱ्यांची शिस्त गिटारच्या कामात उतरली.

या दशकाच्या पूर्वार्धातल्या नकला दिसायला गिब्सन लेस पॉलसारख्या, पण आतून वेगळ्या. अशा गिटारीच्या वरच्या फुगीर भागावर बोटाने टकटक केली, की बऱ्याचदा पोकळ आवाज येतो; दाबून आकार दिलेल्या प्लायवूडखाली रिकामी जागा असते. नेक चिकटवलेला नसून चार स्क्रूंनी बसवलेला असतो, आणि मागच्या पत्र्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’, ‘मेड इन जपान’ ही अक्षरे ठोकलेली असतात. दशक सरत आले तसे चित्र पालटले: भरीव मॅहोगनी, चिकटवलेला नेक, कोरून काढलेला मेपलचा माथा. अमेरिकन अॅशच्या जागी ‘सेन’ हे जपानी लाकूड सर्रास वापरले जाई. त्याच्या रेषा अॅशसारख्याच ठळक, म्हणून जाणकारही फसतात.

या काळाला सरसकट ‘लॉसूट एरा’, म्हणजे खटल्याचा काळ, म्हणण्याची प्रथा पडली आहे, आणि विक्रेते त्या शब्दावर भाव चढवतात. वस्तुस्थिती बरीच साधी आहे. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने 28 जून 1977 रोजी फिलाडेल्फियाच्या न्यायालयात आयबानेझची अमेरिकन वितरक एल्गर हिच्यावर दावा लावला. वाद हेडस्टॉकच्या आकारापुरता होता. तो आकार आयबानेझने तोवर बदलायला घेतलाच होता, आणि पुढच्या वर्षी दावा न्यायालयाबाहेर मिटला. तोकाई, ग्रेको, बर्नी या गिटारींचा त्या दाव्याशी संबंध नाही. हे लेबल लावून मागितलेली वाढीव किंमत देण्याचे म्हणूनच काही कारण नाही.

वर्ष ठरवायला क्रमांक उपयोगी पडतो, पण त्याची लिपी नावागणिक बदलते. 1975नंतरच्या आयबानेझवर ए ते एल यांपैकी एक अक्षर महिना सांगते आणि पुढचे दोन अंक वर्ष. ‘एफ78’ म्हणजे जून 1978. त्याआधीच्या गिटारींवर बहुधा क्रमांकच नसतो. तोकाईवर पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो. मॉडेलच्या नावातून मूळ किंमतही कळते. ग्रेको ईजी-500 म्हणजे पन्नास हजार येन, तोकाई एलएस-80 म्हणजे ऐंशी हजार. आकडा चढेल तसे लाकूड, पॉलिश आणि पिकअप चढत जातात. एकाच वर्षाच्या एकसारख्या दिसणाऱ्या दोन गिटारींत जमीन-अस्मानाचा फरक का, याचे उत्तर त्या आकड्यात असते. 1982मध्ये फेंडरने कांदा शोकाई आणि यामानो गाक्की यांच्यासह फेंडर जपान स्थापन केली. फुजीगेनमध्ये बनलेल्या, ‘जेव्ही’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या त्या गिटारी आणि त्यांच्या सोबतच्या स्क्वायर नावाच्या गिटारी आजही डोळ्यांत तेल घालून शोधल्या जातात.

नकलेपलीकडचे कामही तितक्याच आदराने पाहायला हवे. 1976ची यामाहा एसजी-2000 हे त्याचे ठळक उदाहरण. गिटारवादक कार्लोस सांताना यांना आपल्या आधीच्या यामाहापेक्षा जास्त वजन आणि जास्त लांबणारा सूर हवा होता. त्यासाठी नेकचे लाकूड बॉडीतून थेट शेपटीपर्यंत नेले गेले आणि ब्रिजखाली पितळेची पट्टी पुरली गेली. वरच्या फ्रेट्सवर हात अडतच नाही आणि सूर दीर्घकाळ सरळ राहतो. आयबानेझच्या आर्टिस्ट मालिकेतल्या आणि 1977मध्ये गिटारवादक जॉर्ज बेन्सन यांच्यासाठी बनवलेल्या जीबी10 या गिटारीतही नक्कल मागे पडून स्वतःचे काम दिसू लागते. चलनांच्या दरांबाबतच्या 1985च्या प्लाझा करारानंतर येन दोन-अडीच वर्षांत जवळजवळ दुप्पट महाग झाला, स्वस्त मालाची कामे कोरियाकडे वळली, आणि 1987मध्ये मात्सुमोकू बंद पडला. कोणता काळ मोलाचा मानायचा, हे या घडामोडींतूनच ठरले.

विकत घेताना आधी नेक पाहावा. तो वाकला असेल आणि ट्रस रॉड फिरत नसेल, तर गिटार कितीही देखणी असली तरी दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीला भिडतो. नंतर नेक सोडवून खाचेत पाहावे. तिथे कारखान्याचे शिक्के, पेन्सिलीच्या खुणा आणि लाकडाचा न रंगवलेला खरा चेहरा दिसतो. पिकअप उलटा करून त्याच्या पाठीवरचा छापील क्रमांक वाचावा. फुजीगेनच्या अनेक गिटारींत मात्सुमोतोच्याच निश्शिन ओन्पाचे, म्हणजे मॅक्सनचे, पिकअप असतात. जपानी पोटेंशिओमीटरचा दांडा अमेरिकन मापाचा नसतो, म्हणून बाहेरून आणलेली बटणे त्यावर नीट बसत नाहीत. बटण सैल असेल तर काहीतरी बदलले गेले आहे, असे समजावे. हेडस्टॉककडे तिरप्या उजेडात पाहावे. ग्रेको किंवा तोकाईचे नाव घासून काढून त्यावर गिब्सनचे नाव चढवण्याचे प्रकार होतात, आणि तिथे पॉलिशचा थर वेगळा चमकतो. खुंट्यांच्या स्क्रूंची जुनी बुजवलेली भोकेही तशीच उघडी पडतात. पिकअप बदललेले असतील, तर जुने सोबत मागून घ्यावेत, त्यांच्या पाठीवरच्या क्रमांकांची नोंद करावी आणि ते गिटारीच्या पेटीतच ठेवावेत.