डॅशबोर्डवरील आकडा कुठून येतो? लो-कोड ॲपमधील नोंदींचा अहवालापर्यंतचा प्रवास

इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडबाधितांच्या दैनंदिन आकडेवारीत मोठी त्रुटी राहिल्याचे मान्य केले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतील १५,८४१ बाधितांची नोंद राष्ट्रीय आकडेवारीत आलीच नव्हती. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फायलींत उतरवली जात होती आणि त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. मर्यादेपलीकडच्या नोंदी गळत गेल्या. संबंधितांना त्यांच्या चाचणीचा निकाल कळला होता. मात्र त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. या संपूर्ण काळात दैनंदिन आकडे नेहमीप्रमाणे प्रसिद्ध होत होते.

आकडा दिसतो, आलेखही नीट दिसतो, तरीही त्यामागील नोंदी अपुऱ्या असू शकतात. कार्यालयांमध्ये लो-कोड ॲप्सच्या आधारे तयार होणाऱ्या डॅशबोर्डबाबत हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

फारसे प्रोग्रॅमिंग न करता, तयार घटक जुळवून ॲप उभारण्याच्या पद्धतीस लो-कोड म्हणतात. फॉरेस्टर या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये ही संज्ञा रूढ केली. पद्धत मात्र त्याआधीपासून अस्तित्वात आहे. भारतीय कंपनी झोहोने ‘झोहो क्रिएटर’ २००६ मध्येच आणले होते. मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवर ॲप्स’ २०१६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. मुंबईतील फ्रॅपे कंपनीची मुक्तस्रोत ‘फ्रॅपे फ्रेमवर्क’ प्रणालीही याच वर्गात मोडते. अशा साधनांमुळे लेखा, भांडार किंवा सेवा विभागातील कर्मचारीही स्वतःच्या कामापुरते ॲप तयार करू शकतो. त्यानंतर वरिष्ठांकडून पहिली मागणी येते ती अहवालाची.

ॲपची मांडणी वेगळी, अहवालाची वेगळी

समजा, पंपांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीने तक्रार नोंदणीचे ॲप तयार केले. त्यात एका तक्त्यात तक्रारी, दुसऱ्यात ग्राहक आणि तिसऱ्यात दुरुस्तीसाठी वापरलेले सुटे भाग नोंदवले जातात. एका वेळी एक तक्रार उघडून तिच्यावर काम करण्यासाठी ही मांडणी सोयीची आहे. अहवालाला मात्र हजारो तक्रारी एकदम पाहायच्या असतात.

एका तक्रारीचे भेट शुल्क ५०० रुपये असून तिच्यासाठी तीन सुटे भाग वापरले गेले, असे मानू. तक्रारींचा आणि सुट्या भागांचा तक्ता थेट जोडल्यास तीच तक्रार तीन ओळींत उमटते. परिणामी तक्रारींची संख्या एकाऐवजी तीन आणि शुल्क ५०० ऐवजी १,५०० रुपये दिसते. म्हणूनच दोन्ही तक्त्यांची बेरीज स्वतंत्रपणे करून नंतर ती एकत्र मांडावी लागते. घडलेल्या व्यवहारांचे तक्ते वेगळे आणि ग्राहक, ठिकाण, दिनांक यांसारख्या संदर्भांचे तक्ते वेगळे ठेवण्याची जी रचना अहवालांसाठी प्रमाण मानली जाते, तिचा उद्देश हाच आहे.

‘प्रलंबित’, ‘पूर्ण’ यांसारखे पर्यायही सावधपणे हाताळावे लागतात. मायक्रोसॉफ्टच्या डेटाव्हर्समध्ये असे पर्याय अंकी संकेतांच्या रूपात साठवले जातात आणि पडद्यावर त्यांचे नाव दाखवले जाते. अहवालात केवळ संकेत आला, तर त्यावरून वाचकाला काहीच बोध होत नाही.

मोजक्याच नोंदींची बेरीज

अनेकदा वेगळे साधन न वापरता ॲपच्याच मुख्य पडद्यावर एकूण संख्या किंवा रक्कम दाखवली जाते. इंग्लंडमधील प्रकाराशी मिळतीजुळती चूक येथे संभवते. पॉवर ॲप्समध्ये काही गणिते मूळ डेटास्रोताकडे सोपवता येतात, तर काही सोपवता येत नाहीत. उदाहरणार्थ, शेअरपॉइंट यादीतील रकमांची बेरीज ॲपला स्वतःच करावी लागते. त्यासाठी ॲप पहिल्या ५०० नोंदीच मागवते. ही मर्यादा जास्तीत जास्त २,००० पर्यंत वाढवता येते. यादीत ६,००० नोंदी असल्या, तरी उरलेल्या नोंदी हिशेबात येत नाहीत.

ॲप तयार करणाऱ्यास याचा इशारा मिळतो. वापरणाऱ्यास मिळत नाही. शिवाय चाचणीच्या वेळी शंभर-दोनशे नोंदी असल्याने उत्तर अचूक येते आणि काही महिन्यांनी नोंदी वाढल्यावर तेच सूत्र चुकू लागते. त्यामुळे मोठ्या यादीवरील बेरजा ॲपमध्ये न करता पॉवर बीआय किंवा झोहो ॲनालिटिक्ससारख्या विश्लेषण साधनात करणे हितावह असते.

३१ मार्चची रात्र

दिनांकाचा घोळ सहसा उशिरा लक्षात येतो. डेटाव्हर्ससारख्या प्रणाली वेळ सर्वसाधारणपणे जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवतात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. ॲप वापरणाऱ्यास स्थानिक वेळ दाखवते; मात्र अहवालाचे साधन मूळ साठवलेली वेळ घेऊ शकते. अशा स्थितीत १ एप्रिलच्या पहाटे ४ वाजता नोंदवलेली तक्रार अहवालात ३१ मार्चच्या रात्री साडेदहाची ठरते आणि आधीच्या आर्थिक वर्षात जमा होते. कारखान्यातील रात्रपाळी, रुग्णालये किंवा मालवाहतूक यांसारख्या अहोरात्र चालणाऱ्या कामांत ही चूक रोज घडू शकते. अहवालासाठी भारतीय वेळेनुसार दिनांकाचा स्वतंत्र रकाना करून सर्व गणना त्यावरच करणे, हा यावरील सोपा उपाय आहे.

आकडा केव्हाचा आहे?

डॅशबोर्ड दोन प्रकारे माहिती घेतो. पहिल्या प्रकारात ठरावीक वेळी नोंदींची प्रत घेतली जाते, तर दुसऱ्या प्रकारात प्रत्येक वेळी मूळ स्रोताला विचारणा होते. प्रत घेतल्यास अहवाल वेगाने उघडतो, परंतु त्यातील माहिती शेवटच्या अद्ययावतीकरणाच्या वेळेची असते. पॉवर बीआयच्या प्रो परवान्यात दिवसातून आठ वेळा असे नियोजित अद्ययावतीकरण करता येते. सकाळी ९ वाजता घेतलेली प्रत दुपारच्या बैठकीत पाहणाऱ्यास, दरम्यान निकाली निघालेल्या तक्रारीही प्रलंबितच दिसतील. एखाद्या कर्मचाऱ्याच्या कामाचे मोजमाप याच आकड्यावरून होणार असेल, तर डॅशबोर्डवर अद्ययावतीकरणाची वेळ ठळकपणे लिहिलेली असणे आवश्यक आहे.

कोणाला काय दिसावे?

ॲपमध्ये पुण्याच्या व्यवस्थापकास केवळ पुण्याच्या तक्रारी दिसतात, म्हणून अहवालातही तसेच घडेल, असे गृहीत धरता येत नाही. प्रत घेताना ज्याचे खाते वापरले, त्याला उपलब्ध असलेल्या सर्व नोंदी अहवालात येतात. प्रत्येक वाचकासाठी कोणत्या ओळी खुल्या असाव्यात, हे अहवालाच्या साधनात पुन्हा निश्चित करावे लागते.

परवानग्यांकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे २०२१ मध्ये दिसून आले. पॉवर ॲप्सवर उभारलेल्या संकेतस्थळांमधून ४७ संस्थांच्या सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी कोणालाही पाहता येत असल्याचे अपगार्ड या सुरक्षा कंपनीने उघड केले. माहिती पुरवणारा मार्ग सुरू होता, पण तक्त्यांवरील परवानग्या लागू केलेल्या नव्हत्या. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नव्या संकेतस्थळांसाठी या परवानग्या मुळातच लागू राहतील, अशी व्यवस्था केली. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्राहकांची नावे व दूरध्वनी क्रमांक असलेला अहवाल ई-मेलने सर्वांना पाठवण्यापूर्वी ही बाब लक्षात घ्यावी लागेल.

पडताळणीची सोपी रीत

नवा डॅशबोर्ड वापरात आणण्यापूर्वी कोणताही एक दिवस आणि एक शाखा निवडून ॲपमधील नोंदी हाताने मोजाव्यात व त्या अहवालाशी ताडून पाहाव्यात. निवडलेल्या दिवसात मध्यरात्रीनंतरची किमान एक नोंद आणि अनेक सुटे भाग लागलेली किमान एक तक्रार असावी, म्हणजे वेळेची व दुबार मोजणीची चूक तेथेच उघडकीस येते. त्यानंतर एकूण नोंदींची संख्या दोन्हीकडे सारखी आहे का, हे पाहावे. कमी अधिकार असलेल्या कर्मचाऱ्याच्या खात्यातूनही अहवाल एकदा उघडून पाहावा.

‘पूर्ण’ म्हणजे दुरुस्ती झाली तो क्षण की ग्राहकाने स्वाक्षरी केली तो, यांसारख्या व्याख्या मात्र कोणतेही साधन ठरवत नाही. त्या संबंधित विभागाने लेखी स्वरूपात निश्चित करून डॅशबोर्डवरच नोंदवल्या, तर पुण्याचा आणि इंदूरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करता येते. ॲप तयार करणारा कर्मचारी बदलून गेल्यानंतर तो आकडा कसा काढला, हे सांगणारी तेवढीच नोंद कार्यालयाकडे उरते.