परागकणांतून प्राचीन हवामान

परागकणाचे बाह्यकवच अतिशय चिवट असते. प्राणवायू न पोहोचणाऱ्या दलदलीच्या गाळात ते सहस्रावधी वर्षे टिकते. लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाने १९१६ साली अशा थरांतील कणांचे शेकडा प्रमाण आलेखरूपाने मांडले. खालच्या थरांत भूर्ज व पाइन, त्यांवर ओक, लिंडन व एल्म, असा आलेख पुढे ठेवल्यास थंडी ओसरल्याचे विद्यार्थी सहज ताडतात. फसगत होते ती पुढे. पाइनचे पराग विपुल असून वाऱ्यावर दूर जातात. लिंडनचे बहुधा कीटक वाहतात, म्हणून थोडेच सापडतात. शंभरांत साठ कण पाइनचे निघाले, म्हणून अरण्यातील साठ टक्के वृक्ष पाइनचेच होते असे नव्हे. एखाद्या तळ्यातील ताज्या गाळाची काठच्या झाडांशी तुलना करावयास लावल्यास ही तफावत विद्यार्थ्यांना स्वतःच मोजता येते.