बॅटरीवरचा छोटा ट्रॅक्टर गुडघाभर बर्फ काढू शकतो का?

अमेरिका-कॅनडातल्या थंड भागात एका रात्रीत घरासमोरची वाट बर्फाखाली जाते. अशा वेळी बागेतला इलेक्ट्रिक ट्रॅक्टर उपयोगी पडतो का?

पडतो. आणि ही कल्पना नवी नाही. 'जनरल इलेक्ट्रिक'ने १९६९ मध्येच 'इलेक-ट्रॅक' हा ट्रॅक्टर आणला होता. त्यात ६ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या होत्या, म्हणजे एकूण ३६ व्होल्ट. बर्फ उडवणारं यंत्रही त्याला पुढे जोडता यायचं.

किती बर्फ उचलावा लागतो?
२० मीटर लांब, ३ मीटर रुंद वाटेवर ३० सेंटिमीटर बर्फ म्हणजे १८ घनमीटर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला, तरी १,८०० किलो! ओल्या बर्फाचं वजन तिप्पटही भरतं.

थंडीत बॅटरीचं काय होतं?
उणे १८ अंशांत लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता जवळपास निम्म्यावर येते. साधारणपणे लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर खराब होते. म्हणून ट्रॅक्टर गॅरेजमध्ये ठेवा आणि तिथेच चार्ज करा. जड बॅटऱ्यांचा एक फायदा म्हणजे चाकांना पकड मिळते. तरीही साखळ्या लावाच.

मग काढायचा कसा?
बर्फ थांबायची वाट पाहू नका. पडत असतानाच दोन-तीनदा काढा. थर जाड असेल तर अरुंद पट्टे घ्या, सावकाश चालवा.

हे विसरू नका
इलेक्ट्रिक यंत्र चालू असूनही गप्प उभं राहू शकतं. बर्फ अडकला तर आधी बंद करा, चावी काढा, मग काठीने मोकळा करा. हात कधीच घालू नका.