अंतःस्रावी विकारांतील परिचर्या

अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांनी पीडित रुग्णाचे पद्धतशीर निरीक्षण व मूल्यमापन करणे, ठरवून दिलेले उपचार अचूकपणे पार पाडणे आणि घरी परतल्यावर स्वतःची काळजी घेण्यास त्याला समर्थ करणे, या परिचारिकेच्या कार्यास अंतःस्रावी विकारांतील परिचर्या असे म्हणतात. ज्या ग्रंथींचा स्राव नलिकेवाटे बाहेर न पडता थेट रक्तात मिसळतो त्यांना अंतःस्रावी ग्रंथी आणि त्यांच्या स्रावांना संप्रेरके म्हणतात. पोष, अवटू, परावटू व अधिवृक्क ग्रंथी, स्वादुपिंडातील लँगरहान्स द्वीपके आणि जननग्रंथी या त्यांपैकी प्रमुख होत.

या विकारांचे एक वैशिष्ट्य परिचर्येच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बिघाड एका लहानशा ग्रंथीत असतो. लक्षणे मात्र सर्वांगावर व स्वभावावरही उमटतात. त्यामुळे अवटुस्राव कमी पडलेली गृहिणी घरात आळशी ठरते, तो अधिक झालेला तरुण तापट ठरतो आणि अधिवृक्क ग्रंथी निकामी होत असलेला रुग्ण नुसताच ‘अशक्त’ म्हणून टॉनिके घेत राहतो. रुग्णाजवळ आठही प्रहर कोणी ना कोणी परिचारिका असते. वैद्यांच्या धावत्या भेटीत न दिसलेली खूण तिच्या नजरेस पडण्याची शक्यता म्हणूनच अधिक असते.

मूल्यमापन

मूल्यमापनाची सुरुवात संभाषणाने होते. वजन, भूक, तहान, झोप, थंडी किंवा उष्णता सहन न होणे, आवाजातील बदल, मासिक पाळी आणि कुटुंबातील आजार यांची चौकशी केली जाते. प्रश्न साधे व रोजच्या व्यवहारातील असावेत. रात्री लघवीसाठी किती वेळा उठावे लागते, बांगड्या किंवा अंगठी घट्ट होऊ लागली आहे काय, चपलेचे माप वाढले काय, अशा प्रश्नांना रुग्ण नेमकी उत्तरे देतो. ‘काही त्रास आहे का’ या प्रश्नाला बहुधा देत नाही. वृद्धिसंप्रेरकाच्या आधिक्यात चेहरा इतक्या सावकाश बदलतो की घरच्यांच्याही ते लक्षात येत नाही. अशा वेळी जुने छायाचित्र मागवून तुलना करणे उपयुक्त ठरते.

औषधांची चौकशी विशेष चिकाटीने करावी लागते. सांधेदुखी, दमा वा त्वचारोगासाठी घेतलेल्या गोळ्या, मलमे आणि नाव नसलेल्या पुड्या यांत स्टेरॉइड असू शकते. रुग्ण त्यांना औषध समजत नसल्याने आपण होऊन सांगत नाही. एकादशी, नवरात्र, रमजान यांतील उपवासांची नोंदही याच वेळी घ्यावी. पाळी, वंध्यत्व व लैंगिक तक्रारी नातेवाइकांच्या गराड्यात कोणी बोलत नाही, म्हणून एकांताची सोय करणे हा मूल्यमापनाचाच भाग होय.

त्यानंतर शारीरिक तपासणी केली जाते. मानेच्या मागे व काखेत मखमलीसारखी जाड, काळसर झालेली त्वचा इन्सुलिन-रोधाची खूण असते. अनेक घरांत ती मळ समजून मुलांच्या माना दगडाने घासल्या जातात. ॲडिसनच्या विकारातील काळसरपणा सावळ्या वर्णावर सहज ओळखू येत नाही. तो हिरड्या, गालांची आतील बाजू आणि तळहाताच्या रेषा यांत शोधावा लागतो. रक्तदाब आधी निजलेल्या स्थितीत व नंतर उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजतात. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरल्यास त्याची नोंद करून वैद्यांना कळवितात. वजन रोज त्याच काट्यावर, त्याच वेळी व तशाच कपड्यांत घेतले तरच त्याला अर्थ असतो.

नमुना संकलनातील चूक प्रयोगशाळेत दुरुस्त होत नाही. चोवीस तासांची लघवी गोळा करताना पहिली लघवी टाकून देऊन वेळ नोंदवितात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची लघवी बाटलीत घेतात. मधली एक जरी वाया गेली तरी चाचणी नव्याने करावी लागते. कॉर्टिसॉलची पातळी दिवसभरात बदलत असल्याने रक्त सामान्यतः सकाळी आठच्या सुमारास घेतात. मागील सुमारे तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दर्शविणारी एचबीए१सी चाचणी रक्तक्षय किंवा सिकलसेल असलेल्या रुग्णात फसवी ठरू शकते. विदर्भ व नंदुरबारसारख्या सिकलसेलग्रस्त भागांत ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मधुमेह

अंतःस्रावी विकारांपैकी परिचारिकेच्या वाट्याला सर्वाधिक येणारा विकार मधुमेह होय. टोरँटो येथे १९२१ मध्ये बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णाला टोचण्यात आले. तेव्हापासून या औषधाने असंख्य प्राण वाचविले. परंतु मात्रेतील चूक क्षमा न करणाऱ्या औषधांतही त्याची गणना होते.

भारतात इन्सुलिनच्या कुप्या मुख्यत्वे प्रति मिलिलिटर ४० एकक अशा तीव्रतेच्या मिळतात, तर काही कुप्या व पेनमधील काडतुसे १०० एककांची असतात. ४० एककांच्या पिचकारीचे टोपण सामान्यतः लाल व १०० एककांच्या पिचकारीचे नारिंगी असते. ४० च्या पिचकारीत १०० तीव्रतेचे इन्सुलिन भरले तर खुणेवर दिसते त्याच्या अडीचपट मात्रा शरीरात जाते. उलट अदलाबदलीत निम्म्याहून कमी जाते. म्हणून कुपीवरील आकडा व पिचकारीवरील आकडा जुळवून पाहणे आणि शक्य तेथे दुसऱ्या परिचारिकेकडून मात्रा तपासून घेणे, हे कामाच्या घाईतही टाळू नये. घरी सोडतानाही रुग्णाने आणलेली पिचकारी हातात घेऊन पाहावी. औषधविक्रेत्याने दिलेली दुसऱ्या मापाची पिचकारी हे आकडे अचानक बिघडण्याचे एक न दिसणारे कारण असते.

इन्सुलिन न उघडता २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात; ते गोठल्यास निरुपयोगी होते. वापरात असलेली कुपी बहुधा चार आठवडे थंड जागी टिकते. शीतकपाट नसलेल्या घरात ओल्या वाळूत ठेवलेले किंवा पाण्याने भिजविलेले मातीचे मडके हा चांगला पर्याय ठरतो. मात्र कुपी पाण्यात बुडू देऊ नये. सुई रोज एकाच जागी टोचल्यास तेथे चरबीच्या गाठी होतात व औषध अनियमितपणे शोषले जाते. अशी जागा दुखत नाही, म्हणूनच रुग्णाला ती सोयीची वाटते. परिचारिकेने ती बोटांनी चाचपून शोधावी.

रक्तशर्करा ७० मिग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास तिला अल्पशर्करा म्हणतात. घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड आणि असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे होत. अशा रुग्णाला मद्यपी समजून दूर ठेवल्याचे प्रकार घडतात, तर रात्रीच्या वेळी तो शांत झोपला आहे असे समजून कोणी हात लावत नाही. हृदयविकारासाठी बीटारोधक औषधे घेणाऱ्यात धडधड व थरथर दिसतच नाही, घाम मात्र येतो. रुग्ण शुद्धीवर असल्यास १५ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन लहान चमचे, पाण्यात विरघळवून देतात आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. पेढा किंवा लाडू देण्याची घरगुती पद्धत योग्य नाही, कारण त्यांतील स्निग्धांशामुळे साखर सावकाश शोषली जाते. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये; त्याला शिरेतून ग्लुकोज किंवा ग्लुकागॉनचे अंतःक्षेपण द्यावे लागते. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांमुळे झालेली अल्पशर्करा, विशेषतः वृद्धांत व मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांत, काही तासांनी पुन्हा उद्भवते. रुग्ण उठून बसला, बोलू लागला, एवढ्यावरून त्याला घरी पाठविणे धोक्याचे असते.

रुग्णालयातील बऱ्याचशा अल्पशर्करेचे मूळ वेळापत्रकात असते. सकाळचे इन्सुलिन ठरल्या वेळी दिले जाते आणि तपासणीसाठी रुग्ण दुपारपर्यंत उपाशी राहतो. जेवण वेळेवर मिळणार याची खात्री झाल्याखेरीज जेवणाआधीचे इन्सुलिन देऊ नये.

याच्या दुसऱ्या टोकाला कीटोॲसिडोसिस असतो. इन्सुलिनच्या अभावी शरीर चरबी जाळू लागते व रक्त आम्लधर्मी होते. खोल व जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, उलट्या, पोटदुखी व शुष्कता ही लक्षणे दिसतात. पोटदुखी एवढी तीव्र असू शकते की रुग्ण शस्त्रक्रिया विभागात दाखल होतो. उपचारात प्रथम शिरेवाटे द्रव आणि मग इन्सुलिन देतात. परंतु इन्सुलिन रक्तातील पोटॅशियम पेशींत ढकलते, म्हणून त्याआधी पोटॅशियमची पातळी पाहणे अनिवार्य असते. तासागणिक रक्तशर्करा, लघवीचे प्रमाण व शुद्धी यांची नोंद होते आणि हृदयालेखावर लक्ष ठेवले जाते.

पायांची तपासणी दररोज व्हावी. संवेदना १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने अजमावतात. संवेदना गेलेल्या पायाला देवळाच्या तापलेल्या फरशीचा चटका जाणवत नाही. अनवाणी वारीचा नेम असलेल्या रुग्णाशी वाद न घालता, मऊ पादत्राण व रोज संध्याकाळी सोबत्याकडून तळवे तपासून घेणे एवढे तरी त्याच्याकडून मान्य करून घ्यावे.

अवटू ग्रंथीचे विकार

‘अवटु’ हा शब्द संस्कृत कोशांत मानेच्या मागील भागासाठी येतो. मराठी परिभाषेत तो गळ्यापुढील ग्रंथीसाठी रूढ झाला आहे. बोलीत तिला थायरॉइडच म्हणतात.

स्विस शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्ये आपल्या गलगंडाच्या जुन्या रुग्णांची पुन्हा पाहणी केली, तेव्हा संपूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण मंद, फुगीर व निस्तेज झालेले आढळले. त्यांना या ग्रंथीवरील कार्यासाठी १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्रावन्यूनतेचे हे चित्र आज थायरॉक्सिनच्या गोळीने टाळता येते. ही गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. चहाबरोबर गोळी घेणाऱ्यांची संख्या पाहता, मात्रा वाढविण्यापूर्वी हा प्रश्न विचारणे हिताचे ठरते. तीव्र न्यूनतेत गारठलेल्या रुग्णाला पांघरुणे घालावीत, पण गरम पाण्याच्या पिशव्यांनी शेकू नये. त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावून रक्तदाब कोसळतो.

स्रावाधिक्यात झोपेतील नाडी मोजणे उपयुक्त असते, कारण चिंतेने वाढलेली नाडी झोपेत उतरते, या विकारातील उतरत नाही. कार्बिमाझोल घेणाऱ्यास ताप किंवा घसादुखी झाल्यास गोळी थांबवून त्वरित रक्ततपासणी करण्यास सांगावे. पांढऱ्या पेशी धोकादायक रीत्या घटल्याची ती सूचना असू शकते. अवटू-संकटातील तापावर ॲस्पिरिन देत नाहीत, कारण ते प्रथिनाशी बद्ध असलेले संप्रेरक मोकळे करते.

अवटू-शस्त्रक्रियेनंतरचा पहिला दिवस कसोटीचा असतो. रक्त उताराने मानेमागे साचते, म्हणून पुढची पट्टी कोरडी दिसली तरी मानेखाली हात घालून पाहावा. गळा आवळल्यासारखे वाटणे, घरघर व आवाज बसणे यांची दखल तत्काळ घेतात. श्वासनलिकाछेदनाची साधने आणि कॅल्शियम ग्लुकोनेट खाटेजवळच असावे. परावटू ग्रंथींना इजा झाल्यास कॅल्शियम उतरते. ओठांभोवती मुंग्या येणे हे त्याचे पहिले लक्षण बहुधा एक ते तीन दिवसांत दिसते. रक्तदाबाचा पट्टा तीन मिनिटे फुगवून ठेवल्यावर हात आखडणे यास ट्रूसोचे चिन्ह म्हणतात.

इतर ग्रंथी

पोष ग्रंथीवरील शस्त्रक्रिया नाकावाटे झाली असल्यास नाकातून गळणारे स्वच्छ पाणी सर्दी समजू नये; तो मेंदूजल असू शकतो. नाक शिंकरणे, खोकणे व वाकणे टाळण्यास सांगतात. लघवी एकाएकी पाण्यासारखी व विपुल होऊ लागल्यास उदकमेहाची शंका घेऊन दर तासाला तिचे मापन करतात. फिओक्रोमोसायटोमा या अधिवृक्क-अर्बुदाची शंका असलेल्या रुग्णाचे पोट दाबून तपासू नये, कारण त्याने रक्तदाब भडकू शकतो.

स्टेरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्याची स्वतःची अधिवृक्क ग्रंथी मंदावलेली असते. चेहरा सुजला म्हणून किंवा गोळ्या संपल्या म्हणून औषध एकदम थांबविल्यास उलट्या, रक्तदाब कोसळणे व शुद्ध हरपणे असे संकट ओढवते. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून तत्काळ द्यावे लागते. ताप, दात काढणे किंवा शस्त्रक्रिया या प्रसंगी मात्रा वाढवावी लागते आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर अंतःक्षेपणासाठी रुग्णालयात यावे लागते. ही सूचना, औषधाचे नाव व मात्रा मराठीत लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात आणि तिची एक प्रत घरातील वाचता येणाऱ्या व्यक्तीकडे देतात.